विकतचं ऊन

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक संपली, हप्ते लिहून झाले, आणि एकीच्या मुलीनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. निळ्या उजेडाच्या पेटीत एक गोरी बाई झोपलेली, वरून झाकण ओढलेलं. एक मावशी म्हणाल्या, "अगं, हिला काय झालं? दवाखान्यात आहे का?" दवाखाना नव्हता. बाई स्वतःच्या घरात होती आणि अंग रापवून घेत होती, तेही पैसे मोजून! मावशींना हसू आवरेना. "मग आमच्यासोबत खुरपायला ये म्हणावं, फुकटात रापेल."

हसलो सगळ्या, पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही. बी.ए.ला इतिहास होता, म्हणून शोधून वाचलं.

युरोपातही पूर्वी आपल्यासारखंच होतं. शेतात राबणारी रापलेली, वाड्यात बसणारी गोरी. मोठ्या घरच्या बाया तोंडाला शिशाचा पांढरा लेप लावायच्या, आणि ते शिसं अंगात भिनायचं. मग कारखाने आले, खाणी आल्या. गरीब माणूस दिवसभर छपराखाली गेला आणि तोच फिका पडला. समुद्रकाठी सुट्टी घालवायची ज्यांची ऐपत, ते रापून परत येऊ लागले. 1920 च्या दशकात फ्रान्सच्या कोको शानेल या फॅशनवाल्या बाईनं रापलेलं अंग मिरवलं, आणि वारं पार उलटं फिरलं.

तिकडे डॉक्टरही उजेडाकडे वळले होते. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी कातडीच्या क्षयावर दिव्याच्या किरणांनी उपचार केले, त्यांना 1903 चं नोबेल मिळालं. 1919 मध्ये बर्लिनच्या हुल्डशिन्स्की डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांना अशाच दिव्याखाली ठेवून त्यांची हाडं सुधारल्याचं दाखवलं. हे खरं औषध होतं. पण औषधाचा बाजार झाला की काय होतं, ते आपल्याला काही नवीन नाही. पुढे तसले दिवे घरी वापरायला विकले गेले. 1970 च्या दशकात फ्रीडरिश वोल्फ या जर्मन माणसानं अख्खं अंग रापवणारी खाट पुढे आणली, ती अमेरिकेत पोचली आणि गल्लोगल्ली दुकानं निघाली.

त्या बायांना वेड्या म्हणू नका. तिकडे हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडतो. लग्न तोंडावर आलेलं असतं, अंगावर तेज हवं असतं. घरात खाट असली की कोणी बघत नाही, रांग नाही. पण दुकानात निदान कोणी घड्याळ लावतं, डोळ्यांवर चष्मा घाल म्हणतं. घरात डोळा लागला तर उठवणार कोण?

जाहिरात सांगायची, आमच्या दिव्यानं कातडी भाजत नाही. पण रापणं हीच इजेची खूण आहे. अतिनील किरणांचा मार बसला की कातडी बचावासाठी रंग तयार करते, आणि हा मार वर्षानुवर्षं साचत जातो.

2007 मध्ये ऑस्ट्रेलियात क्लेअर ऑलिव्हर ही मुलगी कातडीच्या कर्करोगानं गेली. वय 26. या खाटांपासून दूर राहा, असं ती शेवटच्या दिवसांत टीव्हीवर येऊन सांगत होती. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं या खाटांना तंबाखूच्या पंक्तीला बसवलं. त्याच वर्षी ब्राझीलनं बंदी घातली. 2016 उजाडेपर्यंत ऑस्ट्रेलियातली दुकानंही बंद झाली. पण बंदी धंद्यावर होती, घरात खाट ठेवण्यावर नव्हती.

आता माझं सांगते. माझ्या लग्नाआधी दोन महिने घरच्यांनी मेडिकलमधून एक ट्यूब आणली होती. चिठ्ठी कोणी मागितली नाही. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, सगळे खूश. बंद केल्यावर मात्र पुरळ आलं, आग आग व्हायची. नंतर डॉक्टर म्हणाले, त्यात स्टेरॉइड होतं. गालावरच्या बारीक लाल शिरा अजून दिसतात. 2018 मध्ये अशा बऱ्याच मलमांना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची झाली, तरी आमच्या बाजारात ती मागितली तर अजून मिळते.

मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या सुनेकडे पण आहे एक." पुढच्या बैठकीला घरातल्या ट्यूब घेऊन यायचं ठरलंय. मुलींना नावं वाचता येतात, आणि आरोग्य केंद्रातल्या सिस्टर येते म्हणाल्यात.