द्रायुदाब : अर्थ आणि वापर

तलावांचा जिल्हा ही भंडाऱ्याची जुनी ओळख आहे. धानाच्या शेतीसाठी कोहळी समाजाने बांधलेले आणि पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेलेले जलसाठे येथे गावोगावी आढळतात. यांपैकी कोणत्याही तलावाची पाळ पाहिली, तर ती माथ्याशी अरुंद आणि तळाशी रुंद असल्याचे दिसते. या आकाराचा थेट संबंध भौतिकशास्त्रातील द्रायुदाब या संकल्पनेशी आहे.

द्रव आणि वायू यांना मिळून शास्त्रीय मराठीत 'द्रायू' म्हणतात. जे वाहू शकते आणि ज्याला स्वतःचा ठरावीक आकार नसतो, ते द्रायू होय. पाणी, तेल, रक्त आणि हवा ही त्याची नित्य परिचयातील उदाहरणे. द्रायू आपल्या संपर्कातील पृष्ठभागावर लंब दिशेने बल लावतो. एकक क्षेत्रफळावरील या बलाला द्रायुदाब असे म्हणतात. 'बल' आणि 'दाब' हे शब्द बोलताना एकाच अर्थाने वापरले जात असले, तरी शास्त्रात त्यांचे अर्थ वेगळे आहेत. बल न्यूटनमध्ये मोजतात, तर दाब पास्कलमध्ये. एका चौरस मीटरवर एक न्यूटन बल असल्यास दाब एक पास्कल असतो. ब्लेझ पास्कल (१६२३-१६६२) या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून हे एकक रूढ झाले.

विस्तार नव्हे, खोली

स्थिर पाण्यातील दाब केवळ खोलीवर अवलंबून असतो. जलाशय किती पसरलेला आहे, यावर नाही. दर मीटर खोलीमागे एका चौरस मीटरवर सुमारे एक टन भार वाढतो. त्यामुळे चार मीटर खोल लहानशा बोडीच्या तळाशी पाण्याचा जेवढा दाब असतो, तेवढाच मोठ्या जलाशयात चार मीटर खोलीवर असतो.

पाळीला सोसावा लागणारा एकूण रेटा मात्र याहून झपाट्याने वाढतो. पाण्याची खोली दोन मीटर असल्यास उभ्या भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे दोन टन रेटा येतो. खोली चार मीटर झाली की तो आठ टन होतो. म्हणजे खोली दुप्पट झाल्यास रेटा चौपट होतो आणि त्याचा मोठा वाटा खालच्या अर्ध्या भागावर पडतो. पाळीचा तळ रुंद ठेवण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे. भरलेल्या तलावाची मोरी उघडताच पाणी जोराने उसळते आणि तलाव उतरत गेला की प्रवाह मंदावतो, त्याचे कारणही हेच. मोरीवरील पाण्याची खोली एक चतुर्थांश उरली की पाण्याचा वेग निम्मा होतो.

गोसीखुर्दचे दरवाजे

पवनी तालुक्यात वैनगंगेवर असलेल्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. या धरणाला ३३ वक्राकार दरवाजे आहेत. अशा दरवाजाचा बाहेरचा पृष्ठभाग वर्तुळखंडासारखा असतो. पाण्याचा दाब पृष्ठभागाला लंब असल्याने त्याचा एकत्रित रेटा वर्तुळाच्या केंद्रातून, म्हणजेच दरवाजाच्या आसातून जातो. परिणामी दरवाजा उचलताना यंत्रणेला मुख्यतः दरवाजाचे वजन आणि घर्षण यांवरच मात करावी लागते.

ऑगस्ट २०२० अखेरच्या महापुरात हे सर्व दरवाजे उघडावे लागले होते. पुराच्या वेळी पातळी, दाब आणि विसर्ग हे तीन शब्द वारंवार कानावर पडतात. त्यांची गल्लत होऊ नये. पातळी मीटरमध्ये सांगतात. विसर्ग म्हणजे एका सेकंदात बाहेर पडणारे पाणी. ते घनमीटरमध्ये मोजतात. दाब ठरतो तो पातळीवरून.

मातीच्या पोटातील दाब

मातीच्या पाळीत पाणी मुरते, तेव्हा मातीच्या कणांमधील पाण्यालाही दाब असतो. तो वाढला की कणांची एकमेकांवरील पकड सैल होते आणि उतार घसरू शकतो. तलावाची पातळी एकाएकी खाली गेल्यास बाहेरचा आधार जातो, पण आतील दाब लगेच ओसरत नाही. अशा वेळी पाण्याकडील बाजू खचण्याचा धोका असतो. पाळीतून स्वच्छ पाणी पाझरत असल्यास त्यावर लक्ष ठेवावे लागते. पाणी गढूळ येऊ लागले, तर माती वाहून जात आहे असे समजून तातडीने उपाय करावा लागतो. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळील पानशेत आणि २ जुलै २०१९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे ही मातीची धरणे फुटली. मातीच्या बांधाबाबत हयगय चालत नाही, हे या दुर्घटनांनी दाखवून दिले.

शब्दाचे इतर वापर

'रक्तदाब' हा द्रायुदाबाचाच प्रकार आहे. तो मिलिमीटर पाऱ्यात मोजतात. १२० मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे १.६ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा दाब. 'कमी दाबाने पाणीपुरवठा' या बातमीतील दाब टाकीच्या उंचीतून मिळतो. पंधरा मीटर उंचीवरील पाण्यामुळे नळाशी दर चौरस सेंटिमीटरला जास्तीत जास्त दीड किलो भार मिळतो. बंगालच्या उपसागरातील 'कमी दाबाचा पट्टा' हा हवेच्या दाबाशी संबंधित आहे आणि विदर्भातील तलाव भरणारा पाऊस अनेकदा त्यामुळेच येतो. 'उच्चदाब वीजवाहिनी' या शब्दातील दाब मात्र वेगळा; तो विजेचा असून व्होल्टमध्ये मोजतात.

मालगुजारी संपुष्टात आल्यानंतर बहुतेक तलावांची मालकी शासनाकडे गेली. मालकी कोणाचीही असो, पाण्याचा नियम बदलत नाही. सांडवा बुजला किंवा त्याची उंची वाढवली, तर अर्ध्या मीटरने चढलेले पाणीही पाळीवरील रेटा बराच वाढवते. चार मीटरचे पाणी साडेचार मीटर झाले, तर हा रेटा सव्वापटीहून अधिक होतो. पावसाळ्यापूर्वी सांडवा मोकळा आहे ना आणि पाळीचा तळ शाबूत आहे ना, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.