दोन बोटांचा हिशेब

वडील गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली. जुने रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि तळाशी १९७८ सालचा दवाखान्याचा एक केसपेपर निघाला. त्यावर इजेचे कारण लिहिले होते : 'घरी पडून'.

ते खरे नव्हते. मी तेव्हा तिसरीत होतो. वडील कोल्हापुरातल्या एका लहान कारखान्यात पॉवर प्रेसवर कामाला होते. डायमध्ये पत्रा सरकवत असताना पायाखालचे पॅडल दाबले गेले आणि उजव्या हाताची दोन बोटे गेली. मालकांनी दवाखान्याचे बिल भागवले, दिवाळीला मिठाईचा पुडा पाठवला आणि जखम भरल्यावर वडिलांना रात्रपाळीचा वॉचमन म्हणून ठेवून घेतले. पगार अर्थातच कमी झाला. तरी "मालकानं लई सांभाळलं बघ," असे वडील शेवटपर्यंत म्हणत. त्याला जोडूनच म्हणत, "चूक माझीच हुती."

या दोन वाक्यांचा शोध घेत मी कामगार भरपाईच्या इतिहासाकडे वळलो. माझे शिक्षण आयटीआयपर्यंतचे. कायदा मी ग्रंथालयात बसून, जुने निकाल चाळत शिकलो.

'चूक कोणाची?' हा प्रश्न जुना आहे. १८५५च्या प्राणघातक अपघात कायद्यानुसार मृताच्या कुटुंबाला भरपाई मागता येई, पण समोरच्याचा गुन्हा किंवा हलगर्जी सिद्ध करून. गिरणीत पट्ट्यात सापडून मेलेल्या माणसाच्या विधवेने हे कसे सिद्ध करावे? जर्मनीने १८८४ मध्ये आणि इंग्लंडने १८९७ मध्ये वेगळी वाट धरली. यंत्रावर काम म्हटले की अपघात होणारच; तेव्हा तेल-कोळशासारखाच त्याचाही खर्च धंद्याने सोसावा, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे तो १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आला. अंमल १ जुलै १९२४ पासून. मात्र हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. कोल्हापूर संस्थान होते. शाहू छत्रपती मिल येथे १९०६ मध्येच उभी राहिली होती. पण मुंबईच्या गिरणी कामगाराला मिळालेला हा हक्क संस्थानातल्या कामगाराला आपोआप मिळाला नाही. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा कुठे ती वेस ओलांडली गेली.

या कायद्याला जोडलेली पहिली अनुसूची वाचताना अंगावर काटा येतो. माणसाच्या शरीराचे ते दरपत्रकच आहे. कोणता अवयव गेला म्हणजे कमाईची ताकद किती टक्के घटली, ते त्यात मांडलेले आहे. मूळ अनुसूचीत कोपरापासून वर उजवा हात गेला तर ७० टक्के, डावा गेला तर ६०. अंगठा २५, तर्जनी १०, बाकीचे कोणतेही बोट ५. पुढे १९६२च्या दुरुस्तीने अनुसूची बदलली, उजव्या-डाव्याचा भेद गेला आणि एका हाताची दोन बोटे गेल्यास २० टक्के ठरले. वडिलांना लागू होती ती ही अनुसूची.

आणि चूक? कायद्याने भरपाई नाकारण्याची कारणे मोजकी ठेवली आहेत : नशेत असणे, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे, संरक्षक जाळी मुद्दाम काढणे. थकल्या पायाने पॅडल दाबले जाणे त्यात बसत नाही. साधी बेसावधी हा कायद्याच्या लेखी अपराध नाही. दावा करायला दोन वर्षांची मुदत होती. वडिलांनी अर्ज केला नाही. कारण असा काही हक्क असतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही.

वडिलांच्या अपघाताआधी तीनच वर्षे, १९७५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास साबता हा निकाल दिला होता. ओरिसातल्या जेपूर येथे सिनेमागृहात काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचे म्हणणे, अपंगत्व अंशतः आहे. न्यायालय म्हणाले, एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणून या माणसाचे नुकसान शंभर टक्के. टक्केवारीच्या तक्त्यापलीकडे जाऊन न्यायालयाने त्या माणसाचा धंदा पाहिला. भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते, हेही याच निकालाने सांगितले.

२०२० मध्ये या हिशेबासाठी मासिक वेतनाची मर्यादा १५,००० रुपये झाली. त्या वेतनाचा तिशीतला कामगार धरू. वेतनाच्या ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये. त्याला वयाचा गुणांक २०७.९८ ने गुणायचे आणि त्याचे २० टक्के काढायचे. दोन बोटांचे होतात ३,७४,३६४ रुपये. जिथे ईएसआय लागू आहे तिथे मालकाऐवजी महामंडळ लाभ देते. कामगार ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. आता या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये घेतल्या आहेत.

पण या साऱ्या हिशेबाची सुरुवात कागदावरच्या एका ओळीने होते. 'घरी पडून' असे लिहिले की कारखाना पुसला जातो, यंत्र पुसले जाते आणि उरतो तो मालकाचा उपकार. वडिलांचे मालक वाईट नव्हते, हे मी आजही मानतो. मिठाईच्या पुड्यात माया होती. फक्त तो पुडा हक्काच्या जागी आला आणि आम्ही तो आनंदाने खाल्ला.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत, प्रेस शॉपमध्ये काम करणारी ओळखीची पोरे कधीमधी घरी येतात. त्यांना मी कलमे सांगत बसत नाही. एवढेच सांगतो : इजा झाली तर केसपेपरवर जे घडले तेच लिहून घ्या. कुठे, किती वाजता, कोणत्या यंत्रावर. आणि 'चूक माझीच' असे म्हणण्याआधी जरा थांबा.