रस्त्याकाठचे जळकोट

सोलापूरहून हैदराबादेकडे निघालेला प्रवासी नळदुर्ग आले की मान वळवून किल्ला पाहतो. पुढे आठ किलोमीटरांवर जळकोट लागते, तेव्हा बहुधा तो पुन्हा डोळे मिटून बसलेला असतो. त्यात त्याचा दोष नाही. ज्या गावात किल्ला नाही, राजाची समाधी नाही, त्या गावाला इतिहास असतो असे आपल्याला कोणी शिकवलेलेच नाही. शिवाय जळकोट म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे लातूर जिल्ह्यातले, तालुक्याचे ठाणे असलेले जळकोट उभे राहते. आपल्याला पाहायचे आहे ते धाराशिव जिल्ह्यातले, तुळजापूर तालुक्यातले जळकोट.

खेड्याचा इतिहास हा विषय इतर देशांत फार पूर्वीच मानाला चढला. फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतातल्या माँतायू नावाच्या अडीचशे वस्तीच्या खेड्यावर ल रॉय लादुरी या इतिहासकाराने १९७५ मध्ये एक मोठा ग्रंथ लिहिला. चौदाव्या शतकातल्या एका बिशपाने पाखंडाच्या चौकशीसाठी त्या गावच्या मेंढपाळांचे जबाब नोंदवून ठेवले होते. त्यांतून साऱ्या गावाचे जीवन उभे राहिले. आपल्याकडेही त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्येच ‘गावगाडा’ लिहून खेड्याच्या संसाराची उस्तवार मांडली होती. जळकोटला कोणी बिशप भेटला नाही. पण गावाची जमीन, गावाचे पाणी आणि गावावरून गेलेला रस्ता ही तीन दप्तरे कोणालाही उघडून वाचता येतात.

पहिले दप्तर जमिनीचे. हा मुलूख बालाघाटच्या पठाराचा. खाली काळा कातळ आणि वर कुठे वीतभर मुरमाड माती, तर कुठे पुरुषभर खोल काळी. तुळजापूरच्या बाजूने येणारी बोरी नदी नळदुर्गाला वळसा घालून अक्कलकोटाकडे जाते आणि शेवटी भीमेला मिळते. पाऊस वर्षाला पंचवीस-तीस इंच. तोही भरवशाचा नाही. खरा आधार असतो तो परतीच्या पावसाचा. उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रे बरसली, म्हणजे काळी जमीन ते पाणी पोटात धरून ठेवते आणि त्या साठवलेल्या ओलीवर, पुढे एक थेंब न पडताही, शाळू तयार होतो. कणीस माणसाचे, कडबा बैलाचे. सोबतीला तूर, हरभरा आणि करडई. म्हणजे येथे शेती करायची तर पडणारे पाणी थांबवता आले पाहिजे, हा पहिला धडा.

तो धडा राजेलोकांनीही गिरवला होता. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ मध्ये, नळदुर्गाशी बोरी नदीला दगडी बंधारा घालण्यात आला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल बांधण्यात आला. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि आतल्या महालात बसलेला माणूस कोरडा राहतो. पर्यटक त्या कौशल्याने थक्क होतात. शेजारच्या शेतकऱ्याला मात्र त्यात दुसरीच गोष्ट दिसते : वाहून जाणारी नदी माणसाला अडवता येते. जळकोट हे नाव उच्चारले की पाणी आणि तट हे दोन्ही शब्द एकदम कानी पडतात. या प्रदेशाची गरजही नेमकी तीच आहे.

दुसरे दप्तर रस्त्याचे. बहामनी गेली, आदिलशाही आली. १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर मोगल आले आणि १७२४ पासून निजामाचा अंमल बसला. सोलापूरकडची माणसे या मुलखाला पुढेही कित्येक वर्षे ‘मोगलाई’च म्हणत राहिली. १८५३ च्या तहाने कंपनी सरकारने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर हाही भाग निजामाकडून घेतला आणि नळदुर्गाच्या कारभारावर कॅप्टन मेडोज टेलर याला नेमले. ठगांवरील कादंबरीने १८३९ मध्येच गाजलेला हा लेखक. त्याने येथे जमिनीची मोजणी आरंभली आणि रस्त्यांच्या कामालाही हात घातला. १८६० मध्ये मुलूख परत निजामाकडे गेला. पुढे जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गाहून उठून धाराशिवास गेले, धाराशिवाचे उस्मानाबाद झाले आणि २०२३ मध्ये उस्मानाबादचे पुन्हा धाराशिव झाले. दप्तरांवरची नावे बदलली, गावाची वहिवाट तीच राहिली.

रस्त्याकाठच्या गावाला रस्ता जे देतो, ते केव्हाही काढून घेऊ शकतो. १८६० मध्ये आगगाडी सोलापुरास पोहोचली. १८७४ मध्ये वाडीहून हैदराबादेपर्यंत रूळ पडले आणि मुंबई-हैदराबादेच्या दूरच्या मालाला बैलगाडीची गरज उरली नाही. ज्या वाटेवर गाड्यांचे तळ पडत, ती वाट लोहमार्गाने दक्षिणेकडून वळसा घालून बाजूला टाकली. उलट १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली आणि मोगलाईतल्या खेड्यांतून हातांना काम शोधणारे लोक तिकडे जाऊ लागले. तेलंगणातले पद्मशाली विणकरही सोलापुरास येऊन स्थायिक झाले. मध्ये सरहद्द होती. तिच्यावर निजामाची करोडगिरीची नाकी, अलीकडे कलदार रुपया आणि पलीकडे हाली शिक्का. एका बाजाराचा मुलूख दोन राज्यांनी असा वाटून घेतला होता.

आणि मग एका सकाळी याच रस्त्याने जळकोटला इतिहासाच्या पुस्तकात नेऊन बसवले. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या जाचाला कंटाळून सरहद्दीवरची कित्येक कुटुंबे सोलापूर-बार्शीकडे गेली होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी जनरल चौधरींच्या हाताखालील भारतीय फौजा सोलापूरकडून आत शिरल्या. बोरी नदीवरचा पूल उडवून देण्याचा बेत होता. तो साधण्यापूर्वीच पूल धडका ताब्यात आला आणि नळदुर्ग पडले. सकाळी नऊच्या सुमारास चिलखती दल जळकोटात पोहोचले आणि मागून येणाऱ्या मोटारस्वार पलटणीला पुढची वाट मोकळी झाली. दुपारी सव्वातीनला फौज उमरग्यास होती. पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती जाहीर केली. युद्धाच्या हकिगतीत जळकोटच्या वाट्याला एवढेच एक वाक्य आले आहे.

परंतु गावाचा हिशेब एका वाक्यात संपत नसतो. त्याच दिवशी तुळजापूरहून लोहाऱ्याकडे निघालेली तुकडी नदीला पूर आल्याने अडकून पडली. ज्या उत्तरेच्या पाण्याने रणगाडे अडवले, त्याच पाण्यावर त्या वर्षीचा शाळू उभा राहायचा होता. आणि विजयानंतरच्या दिवसांत उस्मानाबाद जिल्ह्यातल्या मुसलमान वस्त्यांवर जे अत्याचार झाले, त्यांचीही नोंद पंडित सुंदरलाल समितीने करून ठेवली आहे. रझाकारांचा जुलूम सांगताना ते पान फाडून टाकणे इतिहासाला शोभत नाही. फौजा रस्त्याने निघून जातात. शेजाऱ्यांना मात्र एकाच आडावर पाणी भरायचे असते.

१९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पण १९७२ च्या दुष्काळाने सगळ्या राजवटींना तोच जुना प्रश्न विचारला : पाणी कुठे आहे? खडी फोडणाऱ्या हातांनी मराठवाडाभर पाझर तलाव आणि रस्ते उभे केले. रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ मध्ये झाला, तो या अनुभवातूनच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने पूर्वेकडची उमरगा-लोहारा भागातली गावे जमीनदोस्त केली. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या माळवदांची माती आणि मातीत रचलेल्या गोट्यांच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्या भूकंपानंतर या मुलखात घर बांधण्याची रीतच बदलली.

आज या भागातल्या शिवारात ज्वारीची पुष्कळ जागा सोयाबीनने घेतली आहे. पाणी असेल तेथे ऊस आणि द्राक्षे आहेत. सोयाबीन विकून घर चालते, पण त्याचा ना कडबा होतो ना भाकरी. त्याचा भाव दूरच्या बाजारपेठांत ठरतो आणि भाकरीचे पीठ मात्र विकत आणावे लागते. रस्त्याचीही तीच तऱ्हा. पूर्वी ९ क्रमांकाने ओळखला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग आता ६५ क्रमांकाचा झाला आहे; तो पुण्याहून थेट मछलीपट्टणच्या समुद्रापर्यंत जातो. रस्ता जितका रुंद, तितकी गाडी वेगात. आणि गाडी जितकी वेगात, तितका थांबणारा प्रवासी कमी. आगगाडीने एकदा जे केले, तेच रुंद झालेला रस्ताही करू शकतो. जवळून वाहते ते आपलेच, असे मानणे नदीच्या बाबतीत खरे नव्हते आणि रस्त्याच्या बाबतीतही खरे नाही. अडवलेले, मुरवलेले आणि थांबवलेले तेवढेच गावाचे.

म्हणूनच की काय, या मुलखाचा आवडता सण रस्त्याचा नसून रानाचा आहे. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे येळवसीला, धाराशिव, लातूर आणि सोलापूरकडची गावे ओस पडतात आणि शेते गजबजतात. शाळू उभा असतो, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, रानात अंबील शिंपडली जाते. भज्जी, बाजरीचे उंडे आणि अंबील यांची पंगत बसते. बांधावरून जाणारा माणूस ओळखीचा आहे की नाही, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही; त्याला हाक मारून पानावर बसवतात. कधी त्या दिवसांत या वाटेने जाण्याचा योग आला, तर वाचकहो, गाडी जरा कडेला घ्या.