‘विषारी’ गोळीचे रहस्य

१/५
१९६०च्या दशकात व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांच्या हाती एम-१६ रायफल आली. तिची ५.५६ मिमी गोळी बारीक, हलकी आणि अतिशय वेगवान होती. सोव्हिएत संघाने तिची गांभीर्याने दखल घेतली.

२/५
एके-४७चे ७.६२×३९ मिमी काडतूस आटोपशीर होते. पण त्याची सुमारे ८ ग्रॅमची जाड गोळी सेकंदाला साधारण ७१५ मीटर वेगाने सुटे आणि दूरवर जाताना बरीच खाली येई. सलग गोळीबारात धक्क्याने रायफलचा नेमही ढळे.

३/५
१९७४च्या एके-७४साठी घडवलेली ५.४५ मिमी गोळी अवघी ३.४ ग्रॅमची होती; वेग सेकंदाला सुमारे ९०० मीटर. काडतूसही सुमारे एक तृतीयांशाने हलके झाले. तेवढ्याच ओझ्यात सैनिक जवळपास दीडपट काडतुसे नेऊ लागला.

४/५
पेच एकच होता : हलकी गोळी हवेच्या अवरोधाने लवकर मंदावते. म्हणून ती लांब आणि निमुळती केली गेली. आत पोलादी गाभा राहिला, मात्र टोकाशी आवरणाखाली पोकळी सोडली. लांबी मिळाली, वजन वाढले नाही.

५/५
पण त्यामुळे गोळीचा भार मागे सरकला. नळीतील आट्यांनी दिलेली गिरकी तिला हवेत स्थिर ठेवी. शरीरात शिरताच मात्र ती लवकर कलंडे आणि जखम विस्तारे. अफगाणिस्तानातील मुजाहिदीन तिला ‘विषारी गोळी’ म्हणत. तिच्यात विष नव्हते. होती ती केवळ तिची घडण.