कोण आहेत सुधारक ओलवे? अकोल्यात जन्मलेल्या फोटोग्राफरने सफाई कामगारांकडे कॅमेरा का वळवला?

रोज सकाळी घंटागाडी येते, कचरा घेऊन जाते आणि आपला विषय संपतो. पण तो कचरा उचलणाऱ्या माणसाचा चेहरा आपल्यापैकी किती जणांना आठवतो?

अकोल्यात जन्मलेल्या एका फोटोग्राफरने आपल्या आयुष्यातली अनेक वर्षं याच चेहऱ्यांना दिली. त्यांचं नाव सुधारक ओलवे. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

सुरुवात कशी झाली?

ओलवे यांचा जन्म १९६६ सालचा. जन्म वऱ्हाडात झाला, पण करिअर घडलं मुंबईत. १९८८ पासून त्यांनी वर्तमानपत्रांसाठी प्रेस फोटोग्राफर म्हणून काम सुरू केलं. तेव्हा त्यांचं वय होतं जेमतेम बावीस.

तो काळ फिल्मचा होता. एका रोलमध्ये ३६ फोटो. फोटो नीट आला की नाही, हे डार्करूममध्ये रोल धुतल्यावरच कळायचं. चुकला तर तो क्षण परत येत नसे. त्यामुळे बटण दाबण्याआधी नीट बघायची सवय त्या पिढीच्या फोटोग्राफर्सना आपोआप लागली.

प्रेस फोटोग्राफरचा दिवस म्हणजे मोर्चा, नेत्यांचे दौरे, अपघात, तुंबलेलं पाणी. सकाळी पेपरात आलेला फोटो संध्याकाळपर्यंत जुना होतो. डॉक्युमेंटरी फोटोग्राफी नेमकी इथे वेगळी पडते. यात फोटोग्राफर एकाच विषयाकडे पुन्हा पुन्हा जातो. माणसं ओळखीची होतात, त्यांच्या घरात प्रवेश मिळतो आणि मग एका फोटोऐवजी अख्खी गोष्ट तयार होते. ओलवे यांनी बातमीचं काम करता करता हाच रस्ता धरला.

सफाई कामगारांचे फोटो

ओलवे यांची सर्वाधिक गाजलेली मालिका आहे मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर. फोटो ब्लॅक अँड व्हाइट. कचऱ्याच्या ढिगात उभी असलेली माणसं, गटारात उतरलेली माणसं, हातमोज्यांशिवाय घाण उपसणारे हात. आणि कामावरून परतल्यावरचं त्यांचं घर, त्यांचं कुटुंबही.

हे काम करणारे बहुतेक जण दलित समाजातले आहेत. नोकरी पिढ्यान् पिढ्या एकाच घरात का राहते, याचं एक कारण व्यवस्थेतच आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. कुटुंबाला आधार म्हणून ही सोय मोठी आहे. पण अनेकदा राहती खोलीही नोकरीशी जोडलेली असते. वडील गेले की मुलासमोर प्रश्न उभा राहतो: शिक्षण पुढे न्यायचं की झाडू हातात घेऊन डोक्यावरचं छप्पर वाचवायचं? या फोटोंमध्ये काम दिसतं, तसाच हा पेचही दिसतो.

कायदा काय सांगतो?

हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये पहिला केंद्रीय कायदा झाला. २०१३ मध्ये नवा कायदा आला आणि त्यात सुरक्षा साधनांशिवाय गटार-सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्यावरही बंदी घालण्यात आली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख करण्यात आली.

भरपाई वाढवावी लागली, यातच सगळं आलं. कायदे झाले तरी मृत्यू थांबले नाहीत. म्हणूनच अशा फोटोंची गरज संपलेली नाही.

वऱ्हाडाचं वेगळं नातं

योगायोग बघा. हातात झाडू घेऊन गावं झाडणारे संत गाडगेबाबा याच वऱ्हाडातले. त्यांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचंच नाव आहे. स्वच्छतेचं काम हलकं नाही, हे बाबांनी स्वतः झाडू मारून दाखवलं. त्याच मातीत जन्मलेल्या ओलवे यांनी झाडू मारणाऱ्यांना फोटोच्या मधोमध आणलं.

त्यांच्या कामाची दखल बाहेरही घेतली गेली. २००५ मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या 'ऑल रोड्स' उपक्रमात त्यांची निवड झाली. परदेशातही त्यांच्या फोटोंची प्रदर्शनं भरली. 'फोटोग्राफी प्रमोशन ट्रस्ट' ही संस्थाही त्यांनी सुरू केली.

फोटोग्राफीत यायचं असेल तर...

अमरावती-अकोल्यातल्या मुलांसाठी या प्रवासात घेण्यासारखं बरंच आहे.

विषय जवळच असतो. मेळघाट आणि चिखलदऱ्याचे फोटो बरेच जण काढतात. पण कापसाचं जिनिंग, संत्र्याची मंडी, आठवडी बाजार, एसटी स्टँडवरचे हमाल यांच्याकडे दहा वेळा जाणारे कमीच.

आधी बोला, मग फोटो काढा. समोरचा माणूस गरीब आहे म्हणून त्याची परवानगी गृहीत धरता येत नाही. फोटो कुठे वापरणार, हेही त्याला सांगा.

हक्क समजून घ्या. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक काम देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे लग्नाचे फोटो तुमच्या इन्स्टावर टाकायचे असतील, तर ते आधीच लिहून घ्या. वर्तमानपत्रातल्या नोकरीत काढलेल्या फोटोवर पेपरला छापण्याचा हक्क असतो. बाकीचे हक्क करारात वेगळं ठरलं नसेल तर फोटोग्राफरकडेच राहतात.

घर चालवणारं काम आणि मनातलं काम वेगळं असू शकतं. ओलवे यांनी रोजच्या बातम्यांचे फोटो काढत असतानाच सफाई कामगारांचं काम उभं केलं. लग्न, बारसं, प्री-वेडिंग करणाऱ्या फोटोग्राफरलाही हे जमण्यासारखं आहे. सुरुवातीला हातातला मोबाइलही पुरतो. वेळ मात्र द्यावा लागतो, आणि ज्याचा फोटो काढायचा त्याचं नाव माहीत असावं लागतं.