रूपमतीच्या मंडपातला प्रश्न

मांडूला रूपमतीच्या मंडपात उभा होतो. गाण्यात रमलेल्या बाजबहादूरला १५६१ साली अधमखानाने हरवले, हे सांगत होतो. सोबतच्या भाच्याला मात्र गिटार विकायची होती. "मामा, ब्रिजचा पिकअप फारच कर्कश वाजतो!"

अरे, तार तीच! ब्रिजजवळ ती बांधलेली, म्हणून कमी हलते; मूळ स्वर दबतो, वरचे स्वरांश पुढे येतात. नेककडे झोल मोठा, आवाज भरीव. शिवाय १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरची मूळ जोडणी पाहा : टोनची दोन बटणे, एक नेकच्या आणि एक मधल्या पिकअपला. ब्रिजला एकही नाही! त्याची गिटारही त्याच धाटणीची.

दुसऱ्या दिवशी देवास. कुमार गंधर्व १९४८ पासून १९९२ पर्यंत, अखेरपर्यंत, इथेच राहिले. तंबोरे लावण्यात अतिशय काटेकोर. तंबोऱ्याची तार घोडीपासून लांब छेडतात, तरी घोडीवरच्या जवारीमुळे वरचे स्वरांश झळकतात. म्हणजे दोन्ही गुण एका वेळी. गिटारला निवड करावी लागते.

सोलोला ब्रिज, साथीला नेक, असे सरसकट सांगतात. मला ते पटत नाही, पण मांडोच्या (मांडूच्या नव्हे!) साथीला मी नेकच घेईन.

"आणि मधला?" भाच्याने विचारले. गिटार विकायचे त्याने परतीच्या गाडीत पुन्हा काढले नाही.