वस्तऱ्याची धार आणि मिरजेचे शिकलगार

तलवारीचा इतिहास आपण पुष्कळ ऐकला. सातारा-सांगलीकडच्या माणसाला तर तो बाळकडूतच मिळतो. पण तलवार प्रसंगाला म्यानाबाहेर यायची, आणि गावच्या वारकाचा वस्तरा मात्र रोज सकाळी धोकटीतून निघायचा. या दुसऱ्या पात्याची बखरकारांनी दखल घेतली नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांतही न्हावी येतो तो बारा बलुतेदारांच्या यादीत, आणि यादी एका ओळीत संपते. वाचकहो, त्या ओळीत काय काय दडले आहे, ते आज थोडे उलगडून पाहू.

आधी वस्तराच हातात घेऊन पाहा. त्याची पाठ जाड, आणि तिथून पाते उतरत उतरत धारेपर्यंत बारीक होत जाते. निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, तो आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्याला तो पाठच सांभाळून देते. साधारण १५ ते १७ अंशांचा हा कोन ज्याने पाते घडवले त्यानेच ठरवून ठेवलेला असतो. दगडावर धार पुढे करून वस्तरा चालवायचा, आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे करून. पट्ट्यावर धार पुढे केलीत तर पट्टाच कापला जाईल!

आता खरी गोम इथे आहे. धारेलगत दगडाने घासलेली एक चकचकीत पट्टी दिसते. ती दोन्ही अंगांना, टोकापासून बुडापर्यंत सारख्या रुंदीची असावी. पुष्कळ जुन्या वस्तऱ्यांवर ती तशी नसते. बुडाशी रुंद, टोकाशी सुतासारखी बारीक, किंवा एका अंगाला एक आणि दुसऱ्या अंगाला भलतीच. असे का होते? कधी वापरून वापरून निसणा मध्ये खोलगट झालेला असतो. कधी पाते मुळातच किंचित पिळलेले असते. आणि बहुतेक वेळा हाताचा भार एकाच बोटावर पडलेला असतो.

यावर उपाय करण्याआधी निदान हवे. धारेला दिव्याची काजळी लावावी, वस्तरा दगडावरून एकदाच हलका फिरवावा आणि उजेडात पाहावे. काजळी पुसली गेली तिथे दगड लागतो. राहिली तिथे लागत नाही. मग आधी दगड सपाट करायचा. दोनच दगड एकमेकांवर घासले तर एक फुगतो, एक खोल जातो; तीन दगड आळीपाळीने घासले की तिन्ही सपाट होतात. त्यानंतर भार कमी करून, पाते थोडे तिरके धरून, जिथे दगड लागत नव्हता ते अंग दगडावर येऊ द्यायचे. एवढ्याने काम भागते. पट्टी दिसायला अगदी सारखी झालीच पाहिजे, असा हट्ट मात्र धरू नये. केस कापते ती कड. कड सलग जुळली की पट्टी थोडी वाकडी दिसली म्हणून बिघडत नाही. शोभेसाठी घासलेले पोलाद परत येत नाही, आणि ज्याचे पोट त्या एका पात्यावर होते त्याला ही उधळपट्टी परवडणारी नव्हती. सुगीच्या वेळी घरटी मिळणाऱ्या धान्यावर वर्ष काढणारा माणूस नवा वस्तरा सहज घेणार कुठून?

या वर्गातला एक माणूस इतिहासात ठळकपणे शिरला, तो वाईकडच्या कोंडवलीचा जिवा महाला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार त्याने अडवला, आणि ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण झाली. दुसरा प्रसंग इतका गाजला नाही, पण मला तो तोलामोलाचा वाटतो. १८९० साली मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असा निर्धार झाला. त्यामागे सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे होते. ज्या जोतीरावांनी हा समाज स्थापला त्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण, हे आपणांस ठाऊक आहेच. मिळकतीवर पाणी सोडून घेतलेला हा निर्णय होता, हे विसरू नये.

आता धार लावणाऱ्या दुसऱ्या मंडळींकडे वळू. शस्त्रे घासूनपुसून पाजळणारे ते शिकलगार. मिरजेत पटवर्धनांच्या पदरी शस्त्रांचे काम करणारी अशी घराणी होती. १८१८ मध्ये पेशवाई गेली, फौजा आटल्या, आणि १८७८ च्या हत्यारबंदीच्या कायद्याने कंपनीमागून आलेल्या सरकारने इंग्रजी मुलखातील उरलीसुरली तलवारही परवान्यात अडकवली. हातात कसब आहे, पण त्याला गिऱ्हाईक नाही, अशी ही अवस्था. काही जण चाकू, कातऱ्या, अडकित्ते यांना धार लावत गावोगाव हिंडू लागले. मिरजेच्या फरीदसाहेबांनी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वेगळीच वाट धरली. वाद्ये दुरुस्त करता करता ते तंबोरे आणि सतारी घडवू लागले, आणि घराण्याला ‘सतारमेकर’ हेच आडनाव पडले.

शस्त्र सोडून वाद्य, हे ऐकायला काव्यमय वाटते. पण यात व्यवहारही आहे. सतारीच्या घोडीचा माथा कानशीने असा घासावा लागतो, की तार त्यावर नेमकी टेकून झणकारावी. याला जवारी काढणे म्हणतात. केसाइतका उंचवटा राहिला तरी स्वर बसका निघतो. ज्या डोळ्याने पात्याची वाकडी पट्टी ओळखली, तो डोळा इथे उपयोगी पडला असावा, असे माझे अनुमान आहे.

इकडे पोलादाची उलटी गंगा वाहत होती. १७९४ मध्ये मुंबईच्या डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी इकडच्या वुट्झ पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. तेथील स्टोडार्ट या हत्यारे बनवणाऱ्याला ते पोलाद बारीक धारेसाठी फार पसंत पडले. पुढे त्याने आणि मायकेल फॅरडेने मिळून १८२० च्या सुमारास पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोगही केले. आणि काही दशकांत शेफील्ड व सोलिंगेनचे वस्तरे आपल्याच बाजारात विकायला आले!

जिलेटचे सुटे पाते १९०३ साली अमेरिकेत विक्रीला आले, १९०४ मध्ये त्याला पेटंट मिळाले, आणि धार लावण्याची गरजच हळूहळू संपत गेली. गेल्या शतकाच्या शेवटी एड्सच्या भीतीने गिऱ्हाईकच नवे पाते मागू लागले, ते योग्यच झाले. आज साताऱ्याच्या राजपथावर काय किंवा सांगलीच्या गणपती पेठेत काय, दाढीला बसाल तर वस्तऱ्याच्या खाचेत अर्धे ब्लेड मोडून बसवलेले दिसेल. निसणा विचाराल तर नवा कारागीर तोंडाकडे पाहील. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या दुकानांत जवारी अजून हातानेच काढतात, कानशीचे चार हात द्यायचे, तार छेडायची, कान लावायचा, आणि पुन्हा दोन हात.